चौथा माईक

पावडरचा डबा उघडला आणि आधी वास आला. पावडरचा नव्हे, ती कधीच संपली. किंचित आंबूस, लोणचं संपलेल्या बरणीला येतो तसा. डब्यात टेपचे तपकिरी तुकडे होते, बोटाभोवती गुंडाळून कागदाच्या चिंध्यांनी बांधलेले. कुठला दोन हात लांब, कुठला दहा-बारा हात. झाकणाच्या आत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'टाकाऊ. ठेवणे.'

आमच्या घरात टाकाऊ वस्तू अशाच ठेवल्या जायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, सुतळीचे तुकडे गुंडाळी करून, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी खिळ्याला टोचून. त्यामुळे कापलेले आवाजही मी फेकले नाहीत. यात माझं कौतुक काही नाही, घराचं वळणच तसं.

डबा शोधावा लागला तो ठोसरकाकूंच्या नातीमुळे. ईशा तिचं नाव. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती फ्रॉकात होती.

"मावशी, बाबा पंच्याहत्तर वर्षांचे होतायत," ती फोनवर म्हणाली. "त्यांना आज्जीचा आवाज ऐकवायचाय. फोटो ढीगभर आहेत हो, पण आवाज कुठेच नाही. आज्जी सांगायची, तुम्ही तिच्या भजनमंडळाची टेप केलेली."

"हो, केलेली."

"त्यात आज्जी आहे ना?"

'हो,' मी म्हणून टाकलं. ती आपल्याच नादात पुढे बोलत राहिली. "बाकीचं काही नको मावशी. फक्त आज्जीचा आवाज तेवढा वेगळा करून द्या. हल्ली जमतं ना ते?"

जमतं. मला तर हल्ली नाही, तेव्हाही जमलं होतं.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. तीन मजले, पुढे विहीर, मागे कुणाचं तरी भाताचं शेत, जे दर वर्षी थोडं थोडं कमी व्हायचं. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीकडून वास यायचा, एक दिवस सडक्या कोबीचा, एक दिवस कडू बदामाचा, आणि वास ओळखून बायका खिडक्या लावून घ्यायच्या. दुपारी मात्र हवा आमची असायची. गुरुवारी तीन वाजता तळमजल्यावरून ठोसरकाकूंचा टाळ वाजायचा. मग वरच्या मजल्यांवर एकेक दार ओढल्याचा आवाज, जिन्यात चपला, आणि कुणीतरी हमखास अर्ध्यावरून परत, गॅस बंद केला का ते बघायला. दहा-बारा बायका. माझी आई पेटीवर. उदबत्ती, अबोलीचे गजरे, शेवटी फुटाणे आणि खडीसाखर.

मंडळ काकूंनीच उभं केलेलं. त्या राजापूरकडच्या. भजनांची वही त्यांची, चाली त्यांना पाठ, टाळांचे जोड त्यांच्या माहेरून आलेले. एक सूर तेवढा त्यांच्या ताब्यात नव्हता. आवाज खणखणीत, विहिरीपलीकडे ऐकू जाईल असा, पण पेटी काळी दोनला लागली की काकू तिच्या शेजारी वेगळं बिऱ्हाड करायच्या. कुणाला त्याचं काही वाटत नसे. काकू सुरू झाल्या की बाकीच्या आपसूक मोठ्याने गायच्या, आणि सगळं मिळून जे व्हायचं ते आम्हाला भजन म्हणून माहीत होतं.

माझे बाबा मोहन्याच्या कारखान्यात होते. तिथल्या क्लबात स्पूलचा एक जुना टेपरेकॉर्डर धूळ खात पडलेला. क्लबाने नवा कॅसेटवाला घेतला तेव्हा बाबांनी जुना मागून आणला. सुटकेसएवढं ते धूड कल्याणहून रिक्षातून मांडीवर घेऊन आले आणि दोन दिवस पाय चोळत बसले. बटण दाबलं की त्याचा हिरवा डोळा सावकाश उजळायचा, मग आतले व्हॉल्व तापून धूळ भाजल्याचा वास खोलीभर सुटायचा. अजून कुठे जुना हीटर लावला आणि तो वास आला, की मी वीस वर्षांची होते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते मी. महिनाभर ते मशीन उघडून बसले. टेप जिला घासत जाते त्या हेडवरचा तपकिरी थर स्पिरिटने पुसला, इतका की आमच्या जेवणालाही स्पिरिटचा वास येतो अशी बाबांची तक्रार होती. झिजलेलं रबरी चाक बदललं. मागे सारखा विजेचा घुंऽऽ असा आवाज यायचा, तो अर्थिंगची तार नळाला बांधून घालवला. खरखर मात्र हटेना. तिच्यावर उपाय एकच, गाणाऱ्याच्या अगदी जवळून आवाज घ्यायचा. म्हणून मग मी चार माईक जोडता येतील असा एक मिक्सर केला, ॲल्युमिनियमच्या डबीत, वर चार काळी बटणं. काकूंनी तो पाहिला आणि देवघरातून करंडा आणला.

"काकू, आत पडेल ते!"

"पडू दे गो. पहिल्यांदा बसतंय ना आपल्यात?" असं म्हणत त्यांनी मिक्सरला हळदकुंकू लावलं. चौथ्या बटणाच्या खाली कुंकवाचा डाग अजून आहे.

आवाज सुधारायचं वेडच लागलं होतं मला. पंख्याची कुरकुर, कुकरची शिट्टी, गाण्याआधी घेतलेला श्वास, सगळं मला घाण वाटायचं, पुसून काढण्यासारखं. कान तिखट झाले होते आणि मन बोथट. त्या वयात दोन्ही एकदम होतं.

उन्हाळ्यात ठाण्याच्या एका भजनस्पर्धेचं पत्रक आलं. पहिली फेरी कॅसेटवर, तीन भजनं पाठवायची. मंडळात नुसता उत्साह. आम्ही मध्ये एक माईक ठेवून चाचणी घेतली आणि सगळ्यांना ऐकवली. 'अय्या, हा माझा आवाज?' म्हणून बायका हसत सुटल्या. टेपवर सगळ्यांच्या वर काकू होत्या, अर्धी पायरी खाली आणि चौपट मोठ्या. त्याच सर्वांत खूश झाल्या. "किती स्वच्छ येतंय गो," म्हणाल्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "ठोसरवहिनींचा स्वर जरा..." आणि वाक्य तिथेच सोडून कणीक मळायला बसली.

ते वाक्य मी पुरं केलं.

मांडववाल्याकडे चार माईक होते. "यातले तीनच ने," तो म्हणाला. "चौथा मेलेला आहे, आत वायर तुटलीय." मी म्हटलं, "राहू दे, लागेल." हे मी सांगते आहे कारण पुढे मीच मला बरेचदा सांगितलं की ते आयत्या वेळी सुचलं. आयत्या वेळी नव्हतं सुचलं. मी तो मुका माईक मुद्दाम पिशवीत घालून आणला होता.

रेकॉर्डिंगच्या दुपारी काकूंच्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. त्यांच्याच गोधड्या, ट्रंकेतल्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या. पंखा बंद. तासभर कुणी कुकर लावायचा नाही असा बिल्डिंगला हुकूम. घामाने गजरे कोमेजले. तीन माईक मी तीन घोळक्यांत वाटले, त्यातला एक आईच्या पेटीशी, तिथेच मी मशीन घेऊन बसले. चौथा स्टँडवर लावून एकट्या काकूंसमोर ठेवला.

"मला एकटीला?" काकू लाजल्या. लाजल्याच, दुसरा शब्द नाही. पदर सारखा केला, चष्मा काढून ठेवला. साठीच्या बाईच्या तोंडावर तसा आनंद मी नंतर फारसा पाहिला नाही.

तीन भजनं झाली. सुरू-बंद करताना मशीन 'खट्' असं वाजायचं आणि ते टेपवर यायचं, म्हणून मी मधल्या वेळात ते चालूच ठेवलं. पहिल्या भजनानंतर काकू पाणी आणायला आत गेल्या. दुसरं आणि तिसरं भजन पहिल्यापेक्षा साफ आलं, हेडफोनवर कळत होतं. आईजवळचा माईक मी बोटभर सरकवला होता, त्याचा हा गुण, असं मी वहीत लिहून ठेवलं. समोर काकू डोळे मिटून गात होत्या. ओठ पुरे उघडत होते, मान डोलत होती, हातात टाळ. मला तेव्हा वाटलं, काय बिघडलं? त्यांना त्यांचा आनंद, आम्हाला आमचा सूर.

मग कापाकापी. भजन संपलं की ब्लेडने तिरका छेद, पुढचं सुरू व्हायच्या आधी दुसरा. मधलं ऐकत बसायला मला वेळ नव्हता. ते तुकडे गुंडाळून पावडरच्या डब्यात, आणि उरलेलं जोडून कॅसेटवर. एका संध्याकाळी सगळ्यांना काकूंकडेच बसवून ती कॅसेट ऐकवली. बायका थक्क झाल्या. काकू स्पीकरला जवळजवळ कान लावून बसलेल्या.

कुणीतरी भाबडेपणाने विचारलंच, "ठोसरवहिनी, तुम्ही कुठे ऐकू येत नाही?"

"मिसळलाय गो सगळ्यांत," काकू म्हणाल्या. "मिसळायलाच हवा. भजन आहे ना."

मी सुटकेचा श्वास टाकला. कसं निभावलं, असं वाटून मला चक्क हसू आलं होतं.

मंडळ निवडलं गेलं. ठाण्याला अंतिम फेरीला जायच्या दिवशी काकूंचे गुडघे दुखायला लागले. त्यांनी आपले टाळ आईच्या हातात दिले, प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि विहिरीपर्यंत पोचवायला आल्या, गुडघे दुखत असताना. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. तो काकूंच्याच घरी ठेवला, प्रसादाला.

त्यानंतरही गुरुवार होत राहिले. काकू टाळ वाजवायच्या, वही पुढे धरायच्या, शब्द चुकला तर बोटाने दाखवायच्या. गायच्या मात्र नाहीत. "घसा चालत नाही आता," म्हणायच्या. बाजारात कोथिंबीरवालीशी भांडताना त्यांचा घसा मला ऐकू यायचा, पण मी त्याचा विचार केला नाही. एकदा आईनेच विषय काढला, ठोसरवहिनी गात नाहीत ते बरं वाटत नाही म्हणून. मी फटकन म्हटलं, "तूच सांगितलेलंस, काहीतरी कर म्हणून." आई माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते गप्प बसणं मी कबुली समजले, आणि पापाचा अर्धा वाटा तिच्या नावावर टाकून मोकळी झाले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काकू मुलाबरोबर घोडबंदर रोडला राहायला गेल्या. नवे टॉवर, लिफ्ट, चोहीकडे सिमेंटची धूळ. मी एकदाच गेले. काकू सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत फुटाणे निवडत बसल्या होत्या. तिथे गुरुवारी तीन वाजता कुणीच घरी नसायचं.

"ती टेप आहे का गो अजून?" त्यांनी विचारलं. "एकदा आण. ऐकू."

"आणते ना काकू."

नाही नेली. घोडबंदरचा ट्रॅफिक, मुलाची परीक्षा, मशीनचा पट्टा तुटलाय, कारणांना काय तोटा. खरं कारण एकच होतं. त्यांच्या शेजारी बसून ती टेप ऐकायची मला भीती वाटत होती. काकू गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. नंतर काही वर्षांनी आईही गेली.

ईशाचा फोन आल्यावर आधी कॅसेट काढली. कॉम्प्युटरवर घेतली, खरखर कमी केली, जे खाली होतं ते वर आणलं. आयुष्यभर मी खालचं खाली दाबायला शिकले, आता उलटं करत होते. पहिल्या भजनात, सगळ्यांच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज सापडला. अर्धी पायरी खाली. काकू! इतर माईकांनी दुरून जेवढ्या पकडल्या तेवढ्या. मला रडू फुटलं आणि त्यात हसूही होतं, कारण इतकं बेसूर मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या भजनात त्या नव्हत्या. तिसऱ्यातही नाही. काकूंचा टाळ होता, स्पष्ट. आवाज नाही. मी हवं ते करून पाहिलं. दोन दिवस मशीनला दोष दिला. मग डबा शोधला.

स्पूलच्या मशीनला नवा पट्टा बसवला, हेड पुसलं. स्पिरिटचा वास सुटला. तुकडे एकापुढे एक जोडत गेले. पहिल्या तुकड्यात कुल्फीवाल्याची घंटा. मग हुकूम मोडून कुणाचा तरी कुकर, तीन शिट्ट्या. 'पदर सांभाळ गं, वायर आहे.' लांब गाडीचा भोंगा. एक दीर्घ जांभई आणि तिच्यावर सगळ्यांचं हसणं. वरच्या मजल्यावरचं बाळ, ज्याची आता मुलं कॉलेजात आहेत. माझी सगळी डोंबिवली त्या डब्यात होती, आणि मी तिच्यावर 'टाकाऊ' लिहून झाकण लावलं होतं. सुधारलेल्या टेपमध्ये तिच्यातलं काहीच नाही.

मग काकू. लांबून. "हा चालू आहे ना गो?"

आणि मी, जवळून, चटकन. "हो काकू, चालू आहे."

पुढचा तुकडा पहिल्या भजनानंतरचा. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज. मग मी, कुजबुजत. आईजवळचाच माईक तो, कुजबुज शब्द न् शब्द आलेली.

"काळजी करू नकोस. काकूंचा माईक बंदच आहे. मुद्दाम ठेवलाय."

"अगं, असं कसं केलंस?" आईचा आवाज. इतक्या वर्षांनी. "त्यांच्याच घरात बसून?"

"स्पर्धेला जायचंय ना तुम्हाला?"

"नको गं असं. मी सांगते त्यांना."

"आता नको आई. मूड जाईल सगळ्यांचा."

आणि मग, अगदी जवळ, स्टीलचे पेले ट्रेमध्ये एकमेकांवर किणकिणतात. कुणीतरी ट्रे हातात धरून पाठीशीच उभं असल्यासारखे. मग काकूंचा आवाज, नेहमीसारखाच मोठा. "पाणी घ्या गो सगळ्यांनी, घसा सुकला असेल."

मी टेप थांबवली.

आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. उलट अडवलं होतं. आणि मी तिला तिच्या तोंडावर 'तूच सांगितलेलंस' म्हटल्यावर ती गप्प राहिली, म्हणून मी तिला दोषी धरलं, ती जाईपर्यंत आणि गेल्यावरही.

आणि काकू. पाण्याचे पेले वाटून त्या परत त्या मुक्या माईकपुढे बसल्या होत्या. दोन भजनं. ओठ पुरे उघडत, मान डोलावत, टाळ वाजवत, गळ्यातून काहीही न काढता. बाकीच्या बायकांना कळू नये म्हणून. मी उघडी पडू नये म्हणून. आणि मी वहीत लिहिलं होतं, माईक बोटभर सरकवल्याचा गुण.

शेवटचा तुकडा तिसऱ्या भजनानंतरचा. बायका उठतायत, बांगड्या, सतरंजी झटकल्याचा आवाज. मग काकू, इतक्या जवळ की श्वासही ऐकू येतो. पेटीपाशी माझ्याजवळ आल्या असणार. त्यांचा सगळ्यात स्वच्छ आवाज हाच आहे. एक खरखर नाही.

"झालं का गो नीट? माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

आणि वीस वर्षांची मी, वायर गुंडाळत, घाईत. "नाही काकू. मस्त झालं."

तुकडा इथे संपतो.

ईशाला फक्त आज्जीचा आवाज हवाय. तो वेगळा करणं अगदी सोपं आहे. आता ब्लेडही लागत नाही. माझी कुजबुज गाळायची, 'चालू आहे' गाळायचं, ते घाईतलं उत्तर गाळायचं. पाणी घ्या गो. झालं का गो नीट. पंच्याहत्तरीच्या मुलाला आई भेटेल आणि कुणाला काही कळणार नाही. कळणार नाही याचीच मला सवय आहे. तुकडे कॉम्प्युटरवर घेऊन, माझ्या त्या उत्तराची जागा निवडून मी बराच वेळ डिलीटवर बोट ठेवून बसले होते. एकदा तर वाटलं, त्या उत्तराच्या जागी आजच्या आवाजात दुसरं उत्तर जोडून द्यावं. तेही जमतं.

मी काही केलं नाही. ईशाला फोन केला.

"रविवारी बाबांना घेऊन ये. गुरुवार असता तर बरं झालं असतं, पण असू दे. तीनला या."

"आज्जीचा आवाज निघाला वेगळा?"

"नाही. वेगळा नाही केला. आहे तसं ऐकायचं. त्यात मीही आहे."

"चालेल हो मावशी," ती हसून म्हणाली. तिला अजून काहीच माहीत नाही.

फुटाणे आणि खडीसाखर आणून ठेवली आहे. मिक्सरचा काही उपयोग नाही, तरी तो मशीनशेजारी मांडला आहे, कुंकवाची बाजू पुढे करून. काकूंच्या मुलापुढे ती टेप वाजेल, तो शेवटचा प्रश्न येईल आणि त्यामागून माझं ते उत्तर. तिथे मी मशीन थांबवणार आहे आणि जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते त्यांच्या मुलासमोर म्हणणार आहे. बिघडलं होतं, काकू. तुमच्यामुळे नाही.